महाराज दुष्ट आहेत, एवढं लिहून भागत नाही

‘महाराज हे अत्यंत क्रूर, अहंकारी व हट्टी स्वभावाचे होते. त्यांनी आपल्या मुलांचा छळ केला. यावरून असा बोध मिळतो की, पालकांनी मुलांशी प्रेमाने वागावे.’

अकरावीच्या मराठीच्या पेपरात या घाटाचं उत्तर पुष्कळ मुलं लिहितात. त्यात चुकीचं काहीच नाही. अडचण इतकीच, की हे उत्तर नाटक न उघडताही लिहिता येतं. ‘महाराज’ हा शब्द खोडून तिथे कुठल्याही सिनेमातल्या सावकाराचं नाव घातलं तरी ते तसंच उभं राहील. जे उत्तर कुणाबद्दलही खरं ठरतं, ते त्या माणसाबद्दल काही सांगत नाही.

हे महाराज म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या ‘सुंदर मी होणार’ या १९५८ सालच्या नाटकातले नंदनवाडीचे संस्थानिक. राज्य मंडळाच्या २०१९ च्या अकरावी ‘युवकभारती’त नाटक या साहित्यप्रकारासाठी तीन नाटकांतले वेचे घेतले: दिलीप प्रभावळकरांचं ‘हसवाफसवी’, प्रशांत दळवींचं ‘ध्यानीमनी’ आणि हे. विदर्भातल्या मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनसारख्या गावात मुलांना नाटक भेटतं ते बहुधा असं, पुस्तकाच्या पानावर. मुंबई-पुण्याचं व्यावसायिक नाटक पाहायचं तर अकोला किंवा अमरावती गाठावी लागते. रंगमंचावर चांगला नट नावडत्या माणसालाही चेहरा देतो. त्याचा हात जरासा थरथरतो, मुलीकडे पाहताना नजर क्षणभर हलते, आणि समोर नुसता राक्षस बसलेला नाही हे आपल्याला कळतं. पानावर हा चेहरा नसतो. नटाचं ते काम वाचणाऱ्या मुलामुलीला स्वतः करावं लागतं, आणि ते कसं करायचं हे आपण वर्गात फार कमी शिकवतो.

पहिली अडचण काळाची. आजच्या सोळा वर्षांच्या मुलाला ‘महाराज’ म्हटलं की शिवाजी महाराज आठवतात, नाहीतर एखाद्या धार्मिक संस्थानचे गादीवरचे महाराज. १९५८ च्या प्रेक्षकाला वेगळं दिसत होतं. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत संस्थानं भारतात विलीन झाली. राजांचे अधिकार गेले, सरकारी तनखा मात्र मिळत राहिला. तो बंद झाला १९७१ साली. म्हणजे नाटक आलं तेव्हा असे राजे खरोखरच वाड्यांतून राहत होते. मान होता, पैसा होता, हुकूम ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

हे एकदा लक्षात आलं की महाराजांचं वागणं वेगळं दिसू लागतं. राज्य गेलं, राज्य करण्याची सवय राहिली. ती सवय आता चालवायची कुणावर? घरात मुलं आहेत, हीच शेवटची प्रजा. मुलांनी कुणाला भेटावं, कुठं जावं, काय बोलावं, सगळ्याला वडिलांची परवानगी हवी. थोरली दीदीराजे तर पांगळी, अंथरुणाला खिळलेली, कविता करणारी. महाराजांचा तिच्यावर जीव आहे. मला हाच या व्यक्तिरेखेचा सगळ्यांत अवघड भाग वाटतो. जी जाग्यावरून हलू शकत नाही तिच्यावर माया करणं या माणसाला सोपं जातं. ती उभी राहिली, चालू लागली, तर त्या मायेचं काय होईल? हा प्रश्न ज्याला पडला, त्याला ‘क्रूर’ हा एक शब्द पुरत नाही. प्रेम आणि धाक या माणसात एकमेकांत इतके गुंतले आहेत, की कुठलं कुठून सुरू होतं हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

पु. लं.नी या नाटकाची बैठक घेतली ती रुडॉल्फ बेसियर यांच्या १९३० सालच्या ‘द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट’ या इंग्रजी नाटकावरून. त्यातला बाप खराखुरा होऊन गेलेला आहे: लंडनचे एडवर्ड मोल्टन बॅरेट, कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांचे वडील. त्यांना बारा मुलं झाली. त्यांतल्या एकानेही लग्न केलेलं त्यांना चालत नव्हतं. १२ सप्टेंबर १८४६ ला एलिझाबेथने कवी रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न केलं आणि ती इटलीला निघून गेली. वडिलांनी पुन्हा तिचं तोंड पाहिलं नाही. तिने पाठवलेली पत्रं न फोडता परत केली. १८५७ साली ते वारले, तोवर हे असंच राहिलं.

एवढं ऐकून कुणीही म्हणेल, मोठा खराब माणूस हाय तो. पण आणखी थोडं खोलात गेलं तर काय दिसतं? १८२८ साली त्यांची बायको गेली. १८४० मध्ये थोरला मुलगा समुद्रात बुडाला. आजारी एलिझाबेथच्या सोबतीला तो किनाऱ्यावरच्या गावी राहिला होता. माणसं एकामागून एक हातची गेली, आणि या माणसाने उरलेल्यांभोवतीची मूठ आवळली. मन थोडं मऊ होतं ना? आता याच घराची दुसरी बाजू पाहा. बॅरेट घराण्याची श्रीमंती जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून आली होती, आणि ते मळे गुलामांच्या राबण्यावर चालत. माणसांवर मालकी असते, हे त्या घराने पिढ्यानपिढ्या गृहीत धरलेलं होतं. दुःख खरं आणि हेही खरं. पहिल्याने दुसरं पुसलं जात नाही. एखाद्या माणसाचं कारण शोधणं म्हणजे त्याला माफ करणं, या समजुतीपायी मुलं कारण शोधायलाच घाबरतात. ती भीती शिक्षकांनी आधी घालवायला हवी.

शिरपूरच्या मुलांना खरं तर हे अवघड जाऊ नये. त्यांच्या गावच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराचा दिगंबर-श्वेतांबर वाद १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. निकालाआधी दोन्ही बाजूंचं म्हणणं पूर्ण मांडलं जातं, ही गोष्ट या गावाच्या इतिहासातच आहे. महाराजांचं म्हणणंही तसंच आधी पूर्ण मांडू द्यावं. स्वतःबद्दल ते काय समजतात? ते स्वतःला दुष्ट समजत नाहीत. घराण्याची अब्रू राखणारे, आईविना वाढणाऱ्या लेकरांना सांभाळणारे कर्ते वडील, अशीच त्यांची स्वतःबद्दल समजूत आहे.

मग पुरावा कुठं शोधायचा? नाटकात लेखक मधे येऊन ‘हा माणूस असा होता’ असं सांगत नाही. कादंबरीत ती सोय असते. इथे आहेत फक्त संवाद आणि कंसातल्या रंगसूचना, ज्या मुलं हमखास गाळून वाचतात. महाराज येण्याआधी खोलीतली भावंडं कशी बोलतात आणि ते आल्यावर कशी, एवढं एकच निरखावं. वाक्यं तोकडी होतात का? कुणी बोलणं अर्ध्यावर सोडतं का? महाराजांच्या तोंडी प्रश्न किती आणि आज्ञा किती? ते नसतानाही त्यांचं नाव कितीदा निघतं? धाक म्हणजे काय हे या जागांवर दिसतं. असा एक संवाद उत्तरात घेतला, की तीन विशेषणांचं काम होतं.

सुरुवातीचं उत्तर असं लिहून पाहू: ‘महाराजांचं राज्य गेलं आहे, पण घरात ते अजून राजेच आहेत. त्यांच्या बोलण्यात विचारणं कमी आणि सांगणं जास्त आहे. ते समोर आले की मुलं मोकळेपणी बोलत नाहीत. दीदीराजेंवर त्यांची माया आहे, पण त्या मायेत तिने स्वतःच्या पायांवर उभं राहण्याला जागा नाही. म्हणून त्यांचा राग येतो, आणि त्यांची भीतीही वाटते.’ निकाल इथेही महाराजांच्या विरुद्धच गेला आहे. पण तो शेवटी आला आणि पुराव्यानिशी आला.

उलट चूकही होते. काही वाईट माणसं फार गोड बोलतात. राम गणेश गडकरी यांनी ‘एकच प्याला’त तळीराम उभा केला. आर्य मदिरा मंडळाचा हा तळीराम बोलायला लागला की हसू आवरत नाही. पण आपल्या मालकाच्या, सुधाकराच्या हाती पेला देणारा हाच, आणि घरी बायकोचे हाल करणाराही हाच. मुलं लिहितात, ‘तळीराम हे विनोदी पात्र आहे.’ महाराजांबाबत राग आड येतो, तळीरामाबाबत हसू.

आता एक नाजूक गोष्ट. अकरावीचा पेपर महाविद्यालयातच निघतो आणि तिथेच तपासला जातो. वर्गात एखादी मुलगी अशी असेलच, जिच्या घरी असे महाराज आहेत. फक्त वाडा नाही, दोन खोल्या आहेत. तिला ‘या व्यक्तिरेखेविषयी तुमचे मत लिहा’ हा प्रश्न आला तर ती काय लिहील? बहुधा पाठ केलेली तीन विशेषणं, कारण तीच सुरक्षित वाटतात. तिला सांगायला हवं, की तुला जे ठाऊक आहे ते इथे उपयोगी पडतं. पायरव ओळखून घर कसं गप्प होतं, हे तुला गाईडपेक्षा चांगलं कळतं. घरचं काही लिहू नकोस. पण त्या जाणिवेने उतारा वाच, आणि इतरांना न दिसलेली रंगसूचना तुला दिसेल ती लिही. तुझा रागही लिही. फक्त तो कुठल्या वाक्यावर आला, ते वाक्य त्याच्याशेजारी ठेव.

आणि पेपरची शेवटची पाच मिनिटं उरली की उत्तरातली विशेषणं शोधावीत. ज्या विशेषणाच्या मागेपुढे नाटकातला एकही प्रसंग नाही, त्यावर सरळ रेघ मारावी आणि समासात जागा असेल तर तो प्रसंग लिहावा.