ॲव्हरेज वाढवणाऱ्या डबीत असते काय?

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा आपल्याकडे गाडी घेताना विचारला जाणारा पहिला प्रश्न. पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून तर तो रोजचाच झाला आहे आणि त्यावर तोडगा विकणारेही बरेच आहेत. पेट्रोलच्या नळीवर बसवायचे लोहचुंबक, हवेच्या पाइपात घालायची पाती, टाकीत टाकायची गोळी, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची लुकलुकत्या दिव्यांची डबी, पाण्यापासून हायड्रोजन तयार करणारे किट... किंमत काहीशे ते काही हजार रुपये आणि दावा २०-३० टक्के बचतीचा.

टुरिस्ट गाडीवर घर चालवणाऱ्याला हा दावा भुरळ घालणारच. महिन्याला ३,००० किलोमीटर आणि लिटरला २० चा ॲव्हरेज धरला, तर १५० लिटर पेट्रोल लागते. त्यात २० टक्के बचत म्हणजे ३० लिटर, अर्थात तीन हजारांहून अधिक रुपये. मुलांची फी निघेल एवढे! म्हणूनच हा दावा नीट तपासायला हवा.

यातल्या बहुतेक वस्तूंची जाहिरात एकाच गृहीतकावर उभी असते: इंजिनात पेट्रोल अर्धवट जळते, आमची वस्तू ते पूर्ण जाळते. गृहीतकच चुकीचे आहे. सुस्थितीतल्या आजच्या इंजिनात ९७ टक्क्यांहून अधिक पेट्रोल जळतेच. मग चाकांपर्यंत जेमतेम पाव हिस्सा ऊर्जा का पोचते? कारण जळून निर्माण झालेली बरीचशी उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे बाहेर जाते. ती उष्णता डबी परत आणू शकत नाही. न जळलेल्या दोन-तीन टक्क्यांतून २० टक्के बचत निघणार तरी कशी?

आता एकेक वस्तू पाहू. चुंबकाचा पेट्रोलवर होणारा परिणाम इतका क्षीण असतो, की त्याने ज्वलनात फरक पडत नाही. हवेच्या पाइपातली पाती हवेच्याच वाटेत अडथळा आणतात. शिवाय किती हवेला किती पेट्रोल हे गाडीतला संगणक धुरातल्या ऑक्सिजनचे प्रमाण पाहून ठरवत असतो. सॉकेटमधल्या काही स्वस्त डब्या जाणकारांनी उघडून पाहिल्या, तेव्हा आत फक्त दिवे लुकलुकवणारे सर्किट निघाले. गाडीच्या संगणकाशी जोडणी नव्हतीच.

हायड्रोजन किटचे गणित तर उघडच तोट्याचे. पाण्याचे विघटन करायला वीज लागते, ती अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिनावर फिरतो आणि इंजिन पेट्रोलवर. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा वाया जाते. पंपाने वर चढवलेल्या पाण्यावरच तो पंप चालवू पाहण्यासारखा हा प्रकार. वर बॉनेटखाली ज्वालाग्राही वायू बाळगण्याचा धोका आहेच.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आजवर अशी शंभराहून अधिक उपकरणे पारखली आहेत. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे त्यात एकही आढळले नाही. ज्या मोजक्या उपकरणांनी थोडा फरक दाखवला, त्यांतल्या काहींमुळे धुरातले प्रदूषण मात्र वाढले. हा मुद्दा आपल्या आरोग्याचा आहे. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नायट्रोजनची ऑक्साइडे रोखणे जमत नाही आणि ती सिग्नलवर उभ्या असलेल्यांच्या फुप्फुसात जातात.

‘पण माझ्या गाडीला फरक पडला’, असे सांगणारे भेटतात. ते खोटे बोलत नसतात. पैसे खर्च करून वस्तू बसवली, की माणूस नकळत जपून गाडी चालवतो, ॲव्हरेजची नोंद ठेवू लागतो. गॅरेजवाल्याने त्याच वेळी टायरमध्ये हवा भरलेली असते, प्लग साफ केलेले असतात. श्रेय मात्र डबीला मिळते.

खरी बचत इथेच दडली आहे. झटक्याने वेग घेणे आणि करकचून ब्रेक मारणे टाळले, तर शहराच्या रहदारीत १० टक्के, कधी त्याहूनही बरेच जास्त इंधन वाचते. टायरची हवा योग्य ठेवल्यास तीन टक्क्यांपर्यंत फायदा होतो. पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘पीसीआरए’ ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग राखण्याचा आणि लांब सिग्नलला इंजिन बंद करण्याचा सल्ला देते. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. हवासुद्धा अनेक पंपांवर फुकट मिळते.

तरीही मोह होत असेल, तर आधी चाचणी ठरवा. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरून भागाकार करा. असे निदान पाच वेळा वस्तूशिवाय आणि पाच वेळा वस्तूसह करा. वस्तू बसवली आहे की काढली आहे, हे चालवणाऱ्याला कळू देऊ नका. विक्रेत्याला एवढेच विचारा, ‘या चाचणीत फरक पडला नाही तर पैसे परत देणार का? लेखी द्या.’ पुढचा निर्णय त्याच्या उत्तरावरून घेता येईल.