सलग दोन तास

येवल्यात पैठणी विणणाऱ्या घराची पुढची खोली मागाची असते. पाहुण्यांच्या बसण्याची सोय त्यानंतर. आमच्याकडे दोन माग आहेत, एकावर हे बसतात, एकावर मी. दोन्हींच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट आहे आणि तिथूनच सगळं घर ये-जा करतं: शाळेची दप्तरं, दुधाची पिशवी, गॅसची टाकी, पावसात निथळणारी छत्री. ओली छत्री ताण्याच्या उभ्या धाग्यांपासून लांब धरायची, हे आमच्या चौथीतल्या मुलाला मुळाक्षरांच्या आधी कळलं.

सध्या पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात नवी साडी घ्यायला फारसं कोणी बाहेर पडत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक कमी आणि विणायला वेळ जास्त. घटस्थापनेपासून फोन वाजू लागतील, मग दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. तेव्हा नेसायच्या साड्या आत्ता मागावर आहेत. या दिवसांतला माझा दिवस मी लिहिते आहे.

पहाटे साडेपाच

उठल्यावर पहिलं काम मागाचं. रात्री ताणा थोडा सैल सोडलेला असतो, तो पुन्हा ताणायचा. एखादी तार तुटलेली दिसली तर जोडायची. रेशीम स्थिरावेपर्यंत मी स्वयंपाकघरात जाते. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर हा क्रम मोडतो, कारण पाणी आपली वाट बघत थांबत नाही.

सहा ते पावणेनऊ

भाजी, पोळ्या, दोन डबे, मुलीची वेणी, आत्याबाईंचा चहा आणि रक्तदाबाची गोळी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. ही सगळी कामं कुठल्याही घरात असतात तशीच. फक्त भांड्यांचं वेगळं आहे.

ज्याच्या मागावर पदर चालू असेल त्याने भांडी घासायची नाहीत, असा आमच्या घरचा नियम आहे. घासणी आणि साबणाने बोटांची कातडी खरखरीत होते. नखाच्या कडेला नुसतं सालपट निघालं असलं तरी रेशमाची तार तिथे अडकते आणि तिचे तंतू उसवतात. साध्या अंगाला हे चालून जातं, कारण तिथे धोटा फिरतो, बोटं ताण्याला फारशी लागत नाहीत. पदराला मात्र प्रत्येक धागा बोटाने उचलावा लागतो. सध्या पदर माझ्या मागावर आहे, म्हणून भांडी ह्यांच्याकडे. महिन्याभराने ह्यांचा पदर आला की ती पुन्हा माझ्याकडे येतील. सुरुवातीला गल्लीतल्या बायकांना याचं नवल वाटायचं. आता निदान दोन घरांत तरी हा नियम गेलेला मी पाहिला आहे.

नऊ ते अकरा

हे माझे दोन तास. मोबाईल आत्याबाईंच्या उशीखाली, दार लोटलेलं, आणि कोणीही आलं तरी मी उठत नाही.

एवढं कडक का, ते सांगायला हवं. पोळ्या आत्याबाईंनी लाटल्या आणि कुकर ह्यांनी लावला तरी जेवणात फरक पडत नाही. माग असा वाटून घेता येत नाही. आडवा धागा घातल्यावर हात्याने ठोका द्यायचा असतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा पडतो. एकाच साडीवर सकाळी एक आणि दुपारी दुसरा बसला तर कापड कुठे दाट, कुठे विरळ होतं आणि उजेडात धरल्यावर आडवी रेघ दिसते. हात बदलला नाही आणि नुसतं मधेच उठून अर्ध्या तासाने परत बसलं, तरी पहिले काही ठोके हलके किंवा जड पडतात. म्हणून घरची कामं आपसात वाटून घ्यायची आणि मागावरचा हात एकच ठेवायचा. आमच्या संसाराची सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती झाली आहे. कामाला एकूण तास किती दिले यापेक्षा ते सलग किती मिळाले, यावर पैठणी ठरते.

पदरावर सध्या बांगडी मोर आहेत, बांगडीसारख्या गोलात बसलेले. पदराची जमीन जरीची, आणि मोर, वेल, पानं रंगीत रेशमाची. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली लहान कांडी, असते. समोरचा नकाशा बघून ताण्याचे धागे मोजायचे, हिरवी तिल्ली तेवढ्याच धाग्यांतून न्यायची, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवायची, परत फिरवायची. पुढे निळी, पुढे लाल, पुन्हा जर. अशी एक आडवी ओळ पुरी झाली की पायाखालचा पावडा दाबायचा, ठोका द्यायचा आणि दुसरी ओळ सुरू करायची. रंग एकमेकांत अडकवत नेल्यामुळेच खऱ्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर जवळजवळ सुलटाच दिसतो. दिवसभर बसून बोटाच्या एका पेराएवढा पदर पुढे सरकला तरी तो चांगला दिवस.

मोजणी चालू असताना कोणी नुसतं ‘मीठ कुठंय?’ विचारलं तरी आकडा जातो. मग ओळ उसवून मागे यायचं. उसवलेली जर पूर्वीसारखी राहत नाही, तिचा तजेला उतरतो. म्हणून मिठाचा डबा कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे, असं मी फार गंभीरपणे सांगितलेलं आहे.

अकरा ते एक

मोबाईल परत येतो. ताण्याच्या रेशमाचा हिशोब, जरीचा भाव, कुरियरवाला. रेशीम बंगळूरकडून येतं, जर सुरतेहून. याच वेळात नातेवाइकांचेही फोन येतात. कोणाकडे श्राद्ध आहे, स्वयंपाकाला हात हवेत. ‘तू तर घरीच असतेस,’ असं तिकडून सहज म्हटलं जातं. मी जाते, पण अकरानंतर जाते, आणि तसं आधीच सांगते. एकदा स्पष्ट वेळ दिली की माणसं ती पाळतात, असा माझा अनुभव आहे. रागावणारी थोडीच असतात आणि तीही जेवायला वाढेपर्यंतच रागावलेली असतात.

जेवण एक वाजता. आत्याबाईंचं जेवण सावकाश होतं, तोवर त्या सकाळी भरलेल्या कांड्या मला दाखवतात. असारीवर रेशमाची लडी चढवून रहाटाने कांडी भरायची, हे काम त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून करत आहेत. त्यांच्या तरुणपणी आमच्या घरात बायका मागावर बसत नसत. कांड्या भरणं घरकामातच धरलं जायचं, झाडलोटीसारखं. साडी विकली गेली की पैसे विणणाऱ्याचे.

2019-20 च्या चौथ्या हातमाग गणनेत देशभरात 35 लाखांहून जास्त हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत सुमारे 72 टक्के बायका आहेत. मागावर बसणारे वेगळे मोजले गेले आणि कांड्या भरणं, ताणा लावणं अशी पूरक कामं करणारे, साधारण साडेआठ लाख, वेगळे मोजले गेले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आत्याबाईंचं काम कुठल्यातरी कागदावर काम म्हणून उतरलं. आमच्या हिशोबाच्या वहीतही आता त्यांच्या कांड्यांचे पैसे वेगळ्या रकान्यात पडतात आणि दर महिन्याला त्यांच्या हातात जातात. त्यांनी त्यातून नातीला सायकल घेतली. ‘माझ्या पैशाची’ असं त्या सांगतात तेव्हा त्यांचा आवाज वर चढतो, आणि चढू दे.

दोन ते साडेचार

दुपारी एक डुलकी काढावीशी वाटते, पण उन्हाचा हा उजेड सोडवत नाही. या वेळात बहुधा काठाकडचं काम करते. काठात मुनिया आहे, पानासारखी हिरवी आणि चोच लाल.

शिर्डी इथून जवळ आहे. दर्शन करून मनमाडच्या रस्त्याला लागलेल्या गाड्या येवल्यात थांबतात, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून आमच्या दारापर्यंत येतात. पितृपक्षातही बाहेरगावचे लोक येतातच. त्यांना साडी दाखवायचं काम हे करतात. 2004 पासून टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’मध्ये पैठणी बक्षीस म्हणून दिसू लागली आणि जिथे पूर्वी ती ठाऊक नव्हती अशा घरांतही नाव पोचलं. मागणी वाढली तशी यंत्रमागावरची स्वस्त साडीही पैठणी म्हणून विकली जाऊ लागली. म्हणून येणाऱ्याला हे आधी पदर उलटा करून दाखवतात. यंत्रमागाच्या पदरामागे सुटे धागे लोंबत असतात किंवा कापलेले दिसतात. ज्याला परवडत नाही त्याने यंत्रमागाची जरूर घ्यावी, ती नेसून बाई तितकीच छान दिसते. पण तिला हातमागाची म्हणून विकू नये. हातमागाच्या साडीला आठ-दहा हजारांपासून काही लाखांपर्यंत किंमत पडते. माणसांच्या किती दिवसांची ती किंमत आहे, हे मागाशेजारी उभं राहिल्यावर बहुतेकांना न सांगता समजतं. घासाघीस करत आलेले कितीतरी जण माग पाहून गप्प होतात.

मध्येच कोणी ‘ताईंनाच विचारा’ म्हणतं आणि मला उठावं लागतं. दुपारी मी उठते. सकाळचे दोन तास पदरात पडलेले असले की दुपारी मन मोठं होतं.

साडेचार

मुलं शाळेतून येतात. हा तास पूर्ण त्यांचा. पोहे, दूध, कोणाशी भांडण झालं, वहीवर लाल शेरा का आला. माग तसाच उभा असतो आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसते.

मुलगी नववीत आहे. बोटं लांब, नजर धारदार, मागावर बसली तर माझ्याहून चांगली विणेल. तरीही शाळेच्या दिवसांत तिला मागावर बसू देत नाही. शाळेनंतर किंवा सुट्टीत मुलांनी घरच्या धंद्यात मदत करायला 2016 च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा मुभा देतो. आमचं घर देत नाही. घरातच कारखाना असला की ‘जरा हात लाव’ म्हणता म्हणता अभ्यासाची संध्याकाळ निघून जाते, आणि ती कोणाच्याही लक्षात येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने लहान माग मागितला, तो दिला. त्यावर ती स्वतःचा रुमाल विणते. पुढे विणायचं की नाही हे तिने ठरवावं. मला विणणारी मुलगी हवीच आहे, हे मी तिच्यापासून लपवलेलं नाही, आणि माझ्या हव्याचा भार तिच्यावर टाकायचा नाही हेही तिला सांगितलं आहे.

साडेपाच ते साडेसात

सूर्य कलला की रंगांचं काम थांबवते. दिव्याखाली जांभळा आणि वांगी, मोरपिशी आणि हिरवा यांची गल्लत होते. उद्याच्या तिल्ल्यांचे रंग दुपारच्या उजेडातच काढून ठेवलेले असतात. आता नुसतं साधं अंग विणता येईल, पण माझ्या मागावर ते नाही, म्हणून मी उठते. ताणा सैल करते, जरीवर कापड टाकते. पावसाळी हवेत जर काळवंडते. देवाजवळ दिवा, आत्याबाईंबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत फेरी, भाजी. पाठ आणि गुडघे याच वेळी बोलू लागतात. पंचेचाळिशीच्या आत चष्मा लागलेल्या बायका आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत.

साडेआठनंतर

जेवणं झाली की फोनवरची दुकानदारी. मुलीने काढलेले फोटो पाठवायचे, जुन्या गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची. आज अमेरिकेतल्या एका बाईंचा व्हिडिओ कॉल होता. मूळच्या नगरच्या, न्यू जर्सीत राहतात. मुलीच्या लग्नासाठी त्यांना असावलीच्या काठाची, डाळिंबी रंगाची हवी आहे, आणि दिवाळीपर्यंत हवी आहे. मी नाही म्हणाले. दोन्ही माग फेब्रुवारीपर्यंत भरलेले आहेत. ‘थोडं जास्त बसलात तर?’ असं त्यांनी विचारलं. जास्त बसायचं म्हणजे साडेचारचा तास द्यायचा, आणि तो विकायला काढलेला नाही, हे मी शांतपणे सांगितलं. शेजारच्या गल्लीतल्या एका विणकर बाईंकडे तशी साडी अर्धी झालेली आहे. त्यांचा नंबर दिला.

दहा वाजता आमचं दोघांचं बोलणं होतं. गेले काही महिने विषय एकच आहे: माग घरातून हलवायचे का? ह्यांचं म्हणणं, वर गच्चीवर खोली बांधू, दार लावून घेतलं की कोणाचा त्रास नाही, दोनाचे चार तास सलग मिळतील. पटण्यासारखं आहे. पण आत्याबाईंना जिना चढवत नाही. त्या खाली, माग वर, म्हणजे कांड्या भरणारं माणूस आणि कांड्या लागणारं माणूस यांची चुकामूक. त्यांचं काम सुटलं तर वहीतला त्यांचा रकानाही सुटेल. आणि शाळेतून आलेली मुलं रिकाम्या पुढच्या खोलीत शिरतील.

आज ठरलं. गच्चीवर नाही, मागच्या अंगणात बांधायची. एकाच पातळीवर, मधे उंबरा न ठेवता, उत्तरेला मोठी खिडकी. रहाट दाराशी. पाया दिवाळीनंतर खणायचा, आणि माग हलवायचे ते दोन्ही साड्या उतरल्यावरच.