वडाळ्याचं कुष्ठरोग संग्रहालय

आमच्या राजूरहून वणी, मग वर्धा नदी ओलांडली की वरोरा, आणि तिथं कुष्ठरुग्णांसाठीचं आनंदवन. त्यामुळे कुष्ठरोगाचा विषय लहानपणापासून कानावर आहे. मुंबईला गेलो तेव्हा वडाळ्याच्या अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयातलं संग्रहालय मुद्दाम पाहिलं.

हे रुग्णालय 1890 सालचं. रस्त्यावर राहणाऱ्या बेघर कुष्ठरुग्णांसाठी ते सुरू झालं. नाव पडलं तेव्हाचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्यावरून.

मराठी माणसाला हे नाव आणखी एका कारणासाठी माहीत हवं. याच अ‍ॅक्वर्थ साहेबांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये छापले! मला तर हे फार भारी वाटलं.

संग्रहालयात जुने फोटो आणि कागदपत्रं जपली आहेत. ती पाहताना काळ लक्षात ठेवा. नॉर्वेच्या हॅन्सन यांना या रोगाचा जंतू 1873 मध्येच दिसला होता, पण गुणकारी औषध, डॅप्सोन, यायला 1940 चं दशक उजाडलं. तोवर रुग्णाला वेगळं ठेवणं हाच मुख्य उपाय होता. 1898 चा कायदा तर रस्त्यावरच्या निराधार रुग्णांना पकडून आश्रमात ठेवायची मुभा देत होता.

1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला. आज गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर लगेच दाखवा.

काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, माहीत असेल ते नक्की सांगेन.