जुनी पार्टी गेल्यावर

भोसरी किंवा चाकणच्या गाळ्यात दोन सीएनसी, एक व्हीएमसी, पाच-सहा कामगार आणि निम्म्याहून जास्त काम देणारी एकच जुनी पार्टी, अशी पुण्याच्या आसपासच्या कितीतरी जॉबवर्कवाल्यांची घडी असते. ही पार्टी गेली की मालकाला पहिल्यांदा वाटतं, आपलंच काही चुकलं. बहुतेक वेळा तसं नसतं. बजाजने सप्टेंबर 2007मध्ये आकुर्डीतलं वाहन उत्पादन थांबवलं आणि डिसेंबर 2009मध्ये स्कूटर बनवणंच सोडत असल्याचं जाहीर केलं. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना डिसेंबर 2020मध्ये थांबला. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून बीएस-6 लागू झालं होतं, विजेवरच्या गाडीला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह लागतच नाहीत. यातला एकही निर्णय कुणाचा बुश किंवा पिन बघून झालेला नाही. म्हणूनच तशीच दुसरी मोठी पार्टी मिळवायची धडपड मला धोक्याची वाटते. ती मिळाली तरी पुन्हा सगळा गाळा एकाच कंपनीच्या निर्णयावर उभा राहतो. रिकामी झालेली जागा वेगवेगळ्या उद्योगांतल्या पाच-सहा लहान गिऱ्हाइकांनी भरली पाहिजे.

पण इथेच खरी अडचण उघडी पडते. जुनी पार्टी ड्रॉइंग देते, अनेकदा मटेरियलही देते, महिन्याचं शेड्यूल पाठवते, दर कधीतरी पाच-सात वर्षांपूर्वी ठरलेला असतो. मालकाला पुन्हा कोटेशन काढायची वेळच येत नाही. त्याला मायक्रॉनचा हिशेब तोंडपाठ असतो, पण आपलं मशीन तासाला किती रुपये खातं हे विचारलं तर तो अंदाज सांगतो. समजा, बँकेचा हप्ता, भाडं, वीज, ऑपरेटरचा पगार, टूल आणि देखभाल धरून एका मशीनचा महिन्याचा खर्च 1,20,000 रुपये आहे. मशीन प्रत्यक्षात 200 तास कटिंग करत असेल तर तासाला 600 रुपये पडतात. काम घटून 120 तासच उरले, तर हेच मशीन तासाला 1,000 रुपयांना पडतं. खर्चातली थोडी वीज आणि थोडं टूल वाचेल, बाकीचं वाचत नाही. हा वाढीव 400 रुपयांचा बोजा नव्या गिऱ्हाइकावर टाकता येत नाही, बाजार तो देणार नाही. कोटेशन 600च्या हिशेबानेच काढायचं आणि मधल्या काळातला तोटा वेगळा मांडून त्याची सोय करायची. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की माणूस एक तर भलता महाग होतो, नाहीतर घाबरून 450ला काम घेतो. एकदा 450ला घेतलेलं काम पुढे 600ला नेणं फार अवघड असतं, कारण परचेसवाल्याच्या फाइलमध्ये पहिला दर बसलेला असतो.

यावर अनुभवी माणूस म्हणेल, लहान ऑर्डरीत सेटिंगच परवडत नाही. आक्षेप खरा आहे, म्हणून तो आकड्यातच बघू. एका जॉबला सेटिंगचे 2 तास आणि मशीनवर नगामागे 3 मिनिटं लागतात. 500 नगांची ऑर्डर असेल तर 600च्या दराने एक नग 32 रुपये 40 पैशांना पडतो, 50 नगांची असेल तर 54 रुपयांना. जो 50 नगांनाही 33 रुपये लावतो तो बुडतोच, पण त्यात दोष ऑर्डर लहान असण्याचा नाही. सेटिंगचे पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवावेत. पॅकेजिंगची यंत्रं बनवणारे, खाद्यप्रक्रियेची यंत्रं बनवणारे, औषध कारखान्यांचे मेंटेनन्स विभाग असे दर देतात, कारण बंद पडलेल्या लाइनचा शाफ्ट त्यांना दोन दिवसांत हवा असतो. तिथे मोठ्या कारखान्यापेक्षा लहान गाळ्याचं पारडं जड असतं. प्रोग्रॅम आणि फिक्स्चर नीट जपून ठेवले, तर दुसऱ्या खेपेला सेटिंगही निम्म्यावर येऊ शकतं.

ही गिऱ्हाइकं शोधायला वेळ कुठे आहे, असं विचारलं जातं. मशीन उभं असताना वेळ असतोच, अडवतो तो संकोच. वर्षानुवर्षं काम घरी चालत आलेल्या माणसाला ते मागायला जाणं जड जातं, हे मी समजू शकतो. तरी सुरुवात अनोळखी दारापासून करायची गरज नाही. इन्सर्ट विकणारा, हीट ट्रीटमेंटवाला, प्लेटिंगवाला यांना कुणाकडे काम साचलंय हे आधी कळतं. जुन्या पार्टीतले परचेस आणि क्वालिटीचे लोक नोकऱ्या बदलून दुसऱ्या कंपन्यांत गेलेले असतात, आणि तुमचा माल त्यांनी हातात धरून तपासलेला असतो. त्यांच्याकडे माहितीपत्रकापेक्षा एक सॅम्पल आणि त्याच्या मापांचा इन्स्पेक्शन रिपोर्ट घेऊन जावं.

नव्या पार्ट्या पैसे अडकवतील ही भीती मात्र रास्त आहे. 2006च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय 1 एप्रिल 2024पासून सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे या मुदतीत न देणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यामुळे उद्यम नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा आणि मुदत परचेस ऑर्डरमध्येच लिहून घ्यावी. हा कायदा असूनही लहान कारखानदार व्याज मागत नाही, कारण मागितलं तर काम जाईल. जी पार्टी निम्मं काम देते तिच्याबाबत ही भीती खरीच आहे. जी सहावा हिस्सा देते तिला पन्नासाव्या दिवशी फोन करून पैसे मागता येतात, आणि ते आले नाहीत तर पुढचा माल थांबवताही येतो.