करिबा आटलं, झाडं तुटली

झांबियाची ८० टक्क्यांहून अधिक वीज पाण्यापासून तयार होते. तिचा मोठा आधार म्हणजे झांबेझी नदीवर १९५९ मध्ये बांधून झालेलं करिबा धरण. २०२३-२४ च्या हंगामात एल निनोमुळे पावसाने दडी मारली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हाकाइंडे हिचिलेमा यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. पुढे करिबाचा साठा तळाला गेला आणि राजधानी लुसाकातही दिवसाचे जेमतेम तीन-चार तास वीज येऊ लागली.

मग स्वयंपाक आला लाकडी कोळशावर. ‘म्बाउला’ ही भोकं पाडलेली पत्र्याची शेगडी विजेच्या शेगडीच्या जागी पेटली. तिचा कोळसा येतो मिओम्बो जंगलातून: ओंडके रचायचे, वरून गवत-माती लिंपायची आणि आत कित्येक दिवस धुमसू द्यायचं. या भट्टीत एक किलो कोळशासाठी साधारण पाच ते दहा किलो लाकूड जातं. बरीचशी ऊर्जा धुरातच वाया! दुकानं डिझेल जनरेटरवर चालली. मांबा इथल्या ३०० मेगावॉटच्या दगडी कोळशाच्या केंद्रात तेवढीच भर घालण्याचं काम हाती घेतलं गेलं.

या जंगलतोडीचा दोष कोळसा विकत घेणाऱ्या बाईला देता येणार नाही. मुलांना उपाशी ठेवून जंगल राखा, असं तिला कोण सांगणार? पाऊस रुसतो तेव्हा तिथे ऊन मुबलक असतं; धरणाच्या जोडीला सौरऊर्जा दशकभर आधीच उभी राहायला हवी होती.