अंतिम ऋणदाता

बाजारात अन्यत्र कोठेही कर्ज मिळेनासे झाले असता, रोखटंचाईत सापडलेल्या बँकेस तारणावर निकडीचे कर्ज देणारी संस्था. ही भूमिका सामान्यतः देशाची मध्यवर्ती बँक पार पाडते. कारण चलननिर्मितीचा अधिकार तिच्याकडे असल्याने तिची रोकड अशा वेळी आटत नाही.

ठेवी मागताक्षणी परत करण्याचे वचन बँक देते. परंतु ठेवींचा बराच भाग दीर्घ मुदतीच्या कर्जांत गुंतलेला असतो. सर्व ठेवीदार एकदम दारात उभे राहिले, तर सुस्थितीतील बँकही सर्वांचे पैसे भागवू शकत नाही. मालमत्ता घाईने विकावी, तर ती पडेल भावाने जाते आणि मूळची रोखीची अडचण भांडवल बुडण्यापर्यंत पोहोचते. अशा वेळी चांगल्या तारणावर, चढ्या व्याजाने, पण सढळ हाताने कर्ज द्यावे, असा विचार हेन्री थॉर्न्टन (१८०२) व वॉल्टर बॅजट (१८७३) यांच्या लेखनातून पुढे आला. १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड-गर्नी ही पेढी बँक ऑफ इंग्लंडने बुडू दिली. मात्र बाकीच्या बाजारास भरपूर कर्ज पुरविले. आधार बाजाराला द्यावयाचा, प्रत्येक पेढीला नव्हे, हा भेद तेथे स्पष्ट दिसतो.

मुंबईला त्याच सुमारास असा आधार नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळताच शेअरांच्या तारणावर कर्जे वाटणारी मूळची बँक ऑफ बॉम्बेच अडचणीत आली व १८६८ मध्ये तिचे परिसमापन झाले. १९१३ मध्ये चांदीच्या सट्ट्यात गुंतलेली मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली आणि पुढील काही वर्षांत देशातील अनेक लहान बँका बंद पडल्या.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कार्य सुरू झाले. तिच्या अधिनियमाच्या कलम १७ नुसार ठराविक तारणांवर ९० दिवसांपर्यंत कर्ज देता येते; कलम १८ मध्ये विशेष प्रसंगी ही बंधने शिथिल करण्याची मुभा आहे. तथापि १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक कोसळताना तिला वाचविले नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेवर कडक टीका झाली. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. या धक्क्यातून ठेव विमा योजना आली (१९६२). प्रारंभी तिची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे १,५०० रुपये होती, ती २०२० मध्ये ५ लाख रुपये झाली.

अंतिम ऋणदात्याची खरी कसोटी निदानाची आहे. बँकेकडे केवळ रोकड नाही की तिचे भांडवलच गेले आहे, हे धावपळीच्या काही तासांत ठरवावे लागते व तिचे हिशेब त्या वेळी सहसा विश्वासार्ह नसतात. सरसकट मदतीने बेफिकीर व्यवस्थापनास उत्तेजन मिळते. नकार दिला, तर घबराट निर्दोष बँकांपर्यंत पसरते. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या येस बँकेवर निर्बंध घालून स्टेट बँकेसह इतर बँकांकडून तिचे भांडवल उभारण्यात आले. रिझर्व्ह बँकेने तिला ५०,००० कोटी रुपयांची विशेष रोखतासुविधा दिली, ती त्याच वर्षी फेडली गेली. याउलट, पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत (२०१९) प्रश्न रोखतेचा नव्हता. एकाच समूहास दिलेली मोठी कर्जे दडविली गेली होती. तिच्या ठेवीदारांना पैसे काढण्यावरील मर्यादा सोसाव्या लागल्या आणि २०२२ मध्ये ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली.

या आधाराचा विस्तार मात्र अपुरा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ल्यासारख्या गावची एखादी पतसंस्था अडचणीत आली, तर तिला रिझर्व्ह बँकेकडे थेट जाता येत नाही. जिल्हा मध्यवर्ती व राज्य सहकारी बँकांच्या ठेवींना विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते मिळत नाही. पुष्कळ ठेवीदारांना हा फरक संस्थेचे दार बंद झाल्यावरच उमगतो.