चाकाचा नट किती आवळावा?

फॉर्म्युला वन शर्यतीत चारही चाके बदलून गाडी पुन्हा धावू लागते, तेव्हा पाहणाऱ्याचे जेमतेम पाते लवलेले असते. २०२३च्या कतार ग्रांप्रीत मॅक्लारेनच्या चमूने हे काम १.८० सेकंदांत उरकले. या गाडीच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो. एक जण हवेवर चालणाऱ्या गनने तो सोडवतो व आवळतो, दुसरा जुने चाक ओढतो आणि तिसरा नवे बसवतो.

मात्र एकच नट म्हणजे चुकीला वावही तितकाच कमी. २०१८ मध्ये मेलबर्नला चाके नीट न आवळल्याने हास संघाच्या दोन्ही गाड्या बाद झाल्या. २०२१ मध्ये मोनॅकोत बोटासच्या मर्सिडीजचा नट गनखाली झिजला. ते चाक शर्यतीनंतर कारखान्यात नेऊनच काढावे लागले! अमेरिकेतील नॅसकार शर्यतींत तेव्हा पाच नट असत. वेळ वाचविण्यासाठी संघ ते सगळे आवळत नाहीत, अशी टीका टोनी स्टुअर्टने २०१६ मध्ये केली. त्याला ३५ हजार डॉलरचा दंड झाला; पण त्याच महिन्यात पाचही नट आवळणे सक्तीचे झाले. २०२२ पासून तेथेही एकच नट आला.

रस्त्यावरील मोटारचालकाला अशी घाई नसते. त्याची चूक बहुधा उलटी, म्हणजे पान्यावर उभे राहून नट पिळण्याची. नट आवळताना स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. ताण कमी पडला तर चाक हलते व स्टड तुटू शकतो. अति झाला तर स्टड कायमचा लांबतो, आटे जातात. बहुतेक छोट्या मोटारींना सुमारे १०० न्यूटन-मीटर जोर पुरतो. ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या आडव्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, की हा जोर दोनशेच्या वर जातो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आट्यांना तेल लावण्याची सवयही घातक. घर्षण घटल्याने तेवढ्याच जोराने स्टड जास्त ताणला जातो.

नट आधी हातानेच फिरवावेत, म्हणजे आटे तिरके बसत नाहीत. मग समोरासमोरचे नट आलटून-पालटून थोडे आवळावेत, जॅक उतरवावा आणि अखेरचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर लावावा. पंक्चरच्या दुकानात गनने नट बसविले असल्यास टॉर्क रेंचने तपासून घ्यावेत आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर पुन्हा एकदा पाहावेत.